रहस्यकथाकारांना सुचतं कुठून? नाशिककर, जरा इकडे या

दुतोंड्या

रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: "हे खून-बिन तुम्हाला सुचतात कसे हो?" विचारणाऱ्याचा सूर असा, की याच्या माळ्यावर एखादं प्रेत दडवलेलं असणार. माझं म्हणणं उलटं आहे. या मंडळींना गुन्हेगारीतलं फारसं काही ठाऊक नसतं. त्यांना दुसरंच काहीतरी पक्कं ठाऊक असतं, बहुतेक वेळा पोटापाण्याचं काम, आणि गुन्हा त्यावर मागाहून बेतला जातो.

अगाथा ख्रिस्ती घ्या. पहिल्या महायुद्धात ती टॉर्की गावच्या इस्पितळात आधी परिचारिका होती आणि मग औषधं तयार करायच्या विभागात गेली. कंपाउंडरचं काम शिकली, परीक्षाही दिली. भोवती विषांच्या बाटल्या आणि हाताला अधूनमधून रिकामा वेळ. पहिली रहस्यकथा तिथेच सुचली. १९२० साली ती छापून आली तेव्हा त्यातल्या विषाच्या अचूक वापराचं कौतुक कुणी केलं, तर औषधविक्रेत्यांच्या 'फार्मास्युटिकल जर्नल'ने! तिचा गुप्तहेर पायरो बेल्जियन का, तर तेव्हा टॉर्कीत बेल्जियमहून आलेले निर्वासित होते म्हणून.

तिच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मला फार आवडतो. ती ज्या औषधवाल्याकडे शिकायला जायची, तो खिशात क्युरारे या विषाचा खडा घेऊन फिरायचा. का, तर त्याने अंगात ताकद आल्यासारखं वाटतं म्हणे. एके दिवशी औषध बनवताना या गृहस्थांनी दशांश चिन्ह चुकवलं. पोरीच्या लक्षात आलं, पण एवढ्या अनुभवी माणसाला तोंडावर सांगणार कसं? तिने ठेचकाळल्याचं नाटक केलं, औषधाची फळी पाडली आणि वर पाय देऊन सगळं चिरडून टाकलं. तो माणूस चाळीसहून जास्त वर्षं तिच्या डोक्यात मुक्कामाला होता. १९६१ च्या एका कादंबरीत तो उतरला. आणि त्याच कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं इतकी नीट दिली आहेत, की १९७७ साली लंडनच्या इस्पितळात कतारहून आणलेल्या एका लहान मुलीला काय झालंय हे डॉक्टरांना कळेना, तेव्हा ते पुस्तक वाचत असलेल्या नर्सने ओळखलं. मूल वाचलं.

कॉनन डॉइलचं तर अजून भारी. होम्स त्याने एडिंबरातल्या आपल्या प्राध्यापकावरून, डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घडवला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण डॉइल स्वतः डोळ्यांचा डॉक्टर व्हायला निघाला होता. १८९१ मध्ये लंडनला दवाखाना थाटला, पेशंटच फिरकेनात. आता जॉर्ज एडलजी नावाचा एक वकील होता (बाप मूळचा मुंबईचा पारशी, पुढे तिकडे ख्रिस्ती धर्मगुरू झालेला). रात्री शेतात जाऊन जनावरं भोसकली या आरोपाखाली १९०३ साली त्याला शिक्षा झाली. डॉइल त्याला हॉटेलात भेटायला गेला तेव्हा एडलजी पेपर वाचत बसला होता. पेपर नाकाला टेकेल इतका जवळ आणि तिरका धरलेला. डॉइलने तिथल्या तिथे ओळखलं: इतका अधू नजरेचा माणूस काळोखात शेतं तुडवत जाऊच शकत नाही. १९०७ साली एडलजीला माफी मिळाली. न चाललेला दवाखाना असा कामी आला.

आता मुद्द्याचं. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायला घेतली आहे, गाव नाशिक. हल्लीच्या मराठी रहस्यकथा वाचून माझी चिडचिड होते. तपास अधिकारी कॉफीवर कॉफी पितो, एक हॅकर मित्र असतो, पावसाळी रात्र असते, आणि कुठलीही गोष्ट प्रत्यक्षात कशी चालते हे लेखकाला ठाऊक नसतं. म्हणून विनंती: तुम्ही जे काम करता त्यातली बाहेरच्याला न दिसणारी एक खाच सांगा, जिच्यावर रहस्य उभं राहील. आणि लेखकांना सुचतं कसं याबद्दल वेगळं मत असेल तर तेही मांडा. कुठल्याही पुस्तकाचा खुनी कोण हे मात्र फोडायचं नाही. फोडणाऱ्याला रामकुंडावर नेऊन बुडवण्यात येईल.

झुंझारमल

वा, धागा छान. पण पटलं नाही.

बाबुराव अर्नाळकरांनी (खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हे त्यांचे नायक. हजार पुस्तकांना पुरेल एवढी धंद्यातली खाच कुठून आणणार? त्यांना सुचायचं ते वाचनातून आणि छापखान्याच्या तगाद्यातून. इंग्रजीतले सांगाडे घ्यायचे, त्यांना गिरगावचं धोतर नेसवायचं. त्यांच्याही आधी दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत अशा मुरवल्या की वाचणाऱ्याला लंडनची आठवणही होऊ नये. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला. नारायण धारपांच्या कित्येक भयकथांचं बीज इंग्रजी आहे. ही आपली परंपरा आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

स्फूर्ती वगैरे दिवाळी अंकवाल्यांचे चोचले, राव. महिन्याला पुस्तक द्यायचं असलं की बरोबर सुचतं.

दुतोंड्या

झुंझारशेठ, सांगाडा इंग्रजी होता हे मान्य. पण मग त्याच सांगाड्यांवर तेव्हा लिहिणारे बाकीचे कुठे गेले? अर्नाळकर वाचले गेले ते झुंझारसाठी. गरिबाला न लुटणारा, पोलिसांना हुलकावणी देणारा, घरी विजयेशी लाडीगोडी करणारा हा माणूस मराठी वाचकाला हवा होता. तो ओळखायला वाचक ओळखावा लागतो. ती पण एक खाचच.

तगाद्याचं मात्र खरं. हिंदीत रहस्यकथा लिहिणारे सुरेंद्र मोहन पाठक दिल्लीत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये पूर्णवेळ नोकरी करत होते आणि कादंबऱ्या तीनशेच्या घरात. आपले रत्नाकर मतकरी किती वर्षं बँक ऑफ इंडियात होते. दिवसभर खतावण्या आणि रात्री गूढकथा. मला तर वाटतं नोकरीच्या कंटाळ्याचा यात मोठा वाटा आहे.

मृणालमावशी

कंटाळ्यावरून सिमेनॉन आठवला. मेग्रे नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावर पंचाहत्तर कादंबऱ्या लिहिणारा हा बेल्जियन बाबा एक कादंबरी साधारण दहा-अकरा दिवसांत संपवायचा. लिहायला बसण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचा, रक्तदाब वगैरे, कारण मधे आजारी पडलं की कादंबरी गेली. पात्रांची नावं टेलिफोन डिरेक्टरीतून काढायचा. एका मोठ्या पाकिटावर नाव, वय, पत्ता, आईबाप, घराचा नकाशा एवढंच लिहायचा. गुन्हा त्या पाकिटावर नसायचा! रोज एक प्रकरण, दारावर 'त्रास देऊ नये'ची पाटी.

मला यातलं पाकीट फार पटतं. माणूस पक्का ठरला की तो कुठे चुकणार हे आपोआप दिसतं. तेव्हा दुतोंड्याभाऊ, तुम्ही धंदा शोधताय, पण आधी त्या धंद्यातला माणूस शोधा. ख्रिस्तीबाईंच्या त्या गोष्टीतसुद्धा विष दुय्यम आहे. खिशात खडा घेऊन फिरणारा तो माणूस खरा.

दुतोंड्या

मावशी, हे लिहून ठेवतो. बोलती बंद केलीत.

पिंपळगावचा_बागाईतदार

वाचत होतो, म्हटलं लिहावं. आमच्याकडची खाच ऐका.

द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. एकेका डोळ्याला बोळ्यानं किंवा स्पंजनं. हे काम करायला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. हातमोजे द्यायचे असतात, सगळे देतात असं नाही, आणि दिले तरी उकडतंय म्हणून माणसं काढून ठेवतात.

आता मजा अशी, की हे औषध अंगाला लागलं असताना दारू घेतली तर माणसाचे हाल होतात. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, धाप, चक्कर. दारू सोडवायच्या गोळ्या चालू असताना प्यायल्यावर होतं ना, तसलंच. नुसत्या त्या दिवशी नाही, आधी-नंतरचे काही दिवस घ्यायचीच नाही. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. पण डबा वाचतो कोण?

म्हणजे बघा, हातभट्टी तीच, बसणारे तेच, सगळे ठणठणीत आणि एकच जण लालेलाल होऊन आडवा. गावात बोंब की दारूत कुणीतरी काहीतरी घातलं. आमच्या बाजूच्या कुठल्याही शेतकऱ्याला एका नजरेत कळंल की हा आज बागेत पेस्टवर होता. मुंबईच्या डिटेक्टिवला जन्मात कळायचं नाही. आणि तोच माणूस सांगत असला की 'मी आज कामालाच गेलो नव्हतो', तर?

तन्वी_कॉलेजरोड

दादा!!! हे कसलं भारी आहे. आणि वाइनची राजधानी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात!

झुंझारमल

बागाईतदार, तुमच्यापुढे मी शस्त्रं टाकली. 'मी कामालाच गेलो नव्हतो' हे वाक्य वाचून अंगावर काटा आला.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

नोकरीचा शेवटचा काळ याच जिल्ह्यात गेला. लेखक मंडळी पोलीस खात्याबद्दल जे लिहितात ते वाचून हसू येतं, म्हणून थोडं खुलासेवार.

एक. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतात, खुनी रडत रडत कबूल करतो, इन्स्पेक्टर बेड्या घालतो, गोष्ट संपते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात चालत नाही. जुन्या साक्ष कायद्याचं २५ वं कलम, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात २३ वं. म्हणजे तुमचा खुनी दुसऱ्या दिवशी वकिलाबरोबर आरामात चहा पिणार. हां, कोठडीत त्याने सांगितल्यावरून एखादी वस्तू निघाली, चाकू म्हणा, तर तेवढा भाग चालतो. म्हणून आमचा सगळा जीव त्या निवेदन पंचनाम्यात अडकलेला. आरोपी पुढे चालतो, मागे पंच, मागे आम्ही, आणि तो काटेरी झुडपातून चाकू काढून देतो. तिथे पंच कोण घेतले यावर केस टिकते नाहीतर पडते. पंच फितूर झाला की चाकू असून नसल्यासारखा.

दोन. साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. सिनेमात 'इथे सही करा' म्हणतात ते चूक. कायद्यानेच मनाई आहे.

तीन. संशयास्पद मृत्यू झाला की लगेच ३०२, म्हणजे खुनाचं कलम, लागत नाही (आता तर ते १०३ झालं). आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. आम्ही नुसतं 'अ.मृ.' म्हणतो. इन्क्वेस्ट म्हणजे प्रेताचा पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून लाखेचं सील, सोबत सीलचा नमुना, आणि प्रयोगशाळेकडे रवाना. अहवाल येईपर्यंत कागद अ.मृ. मध्येच. रहस्य हवं असेल तर या वाट बघण्यात आहे. तोवर नातेवाईक दिवस-वार उरकून मोकळे, मजुरांची टोळी दुसऱ्या तालुक्यात, घर रंगवून झालेलं.

आणि मुद्देमाल कारकून नावाचं पात्र अजून एकाही मराठी लेखकाने वापरलेलं मी वाचलेलं नाही. पोलीस ठाण्यात सगळ्यात जास्त गोष्टी त्याला ठाऊक असतात. साहेब बदलून जातात, मुद्देमालाची खोली तिथेच.

दुतोंड्या

साहेब, आपण हे इथे लिहिलंत याबद्दल काय बोलू. मुद्देमाल कारकून माझा. कुणी हात लावायचा नाही.

भद्रकालीवाला

नाशिक आणि रहस्य म्हणताय तर विजयानंद थिएटर कसं काय आठवलं नाही कुणाला? २१ डिसेंबर १९०९, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा कार्यक्रम, आणि अनंत कान्हेरे. लंडनहून आलेली ब्राउनिंग पिस्तुलं. यावर जबरी थ्रिलर होईल.

गंगापूररोडचे_आजोबा

क्षमा करा, पण हुतात्म्यांना रहस्यकथेत ओढू नये. कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. तो थ्रिलर नव्हे.

भद्रकालीवाला

आजोबा, अपमान करायचा हेतू नव्हता. पण कथा म्हणून लिहिल्याशिवाय नव्या पोरांपर्यंत पोहोचणार कसं? नुसत्या पुतळ्याखालची पाटी कोण वाचतं.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

दोघांचंही बरोबर, पण धाग्याच्या दृष्टीने त्यात रहस्य नाही. गोळी भर सभागृहात झाडली, कान्हेरे जागीच पकडले गेले. कोणी मारलं हा प्रश्न पहिल्या मिनिटालाच संपला. प्रश्न होता पिस्तूल कुठून आलं, आणि तो तपास इंग्रजांनी केला. त्यांच्या बाजूने ती गोष्ट सांगायची इच्छा इथे कुणाला असेल असं वाटत नाही.

तन्वी_कॉलेजरोड

मग नोटांचं घ्या ना. २०२१ मध्ये नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून पाचशेच्या नोटांचे पाच लाख गायब झाल्याची बातमी होती, आठवतंय? एवढी सुरक्षा, मुंगी आत जाणार नाही. सगळा महाराष्ट्र चोर शोधत होता आणि तपासात निघालं की चोर नव्हताच. गठ्ठा आतल्या आतच चुकून नष्ट झाला होता. मला हा शेवट कुठल्याही चोरीपेक्षा जास्त आवडला. झालेली चूक सांगायची भीती, एवढाच गुन्हा.

मृणालमावशी

तन्वी, तू लिही ही. खरंच सांगते. त्या माणसाची रात्र लिही. घरी येतो, जेवायला बसतो, टीव्हीवर त्याच गठ्ठ्याची बातमी चालू आहे.

पंचवटीचा_पासधारक

आमची खाच रेल्वेची. जपानचा सेइचो मात्सुमोतो नावाचा लेखक होता. त्याने १९५८ च्या आपल्या कादंबरीत आख्खं रहस्य वेळापत्रकावर उभं केलं. टोकियो स्टेशनात तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट मधल्या गाड्यांमुळे दिसत नाही. दिवसभरात चारच मिनिटं अशी असतात की मधे गाडी नसते. त्या चार मिनिटांत कुणी कुणाला पाहिलं, आणि मुळात तिथे उभं केलं कुणी, यावर तपास.

आता आमच्या पंचवटी एक्सप्रेसकडे या. वर्षानुवर्षं तीच माणसं, तेच डबे, त्याच जागा. पासधारकांच्या डब्यात एखादा चार दिवस दिसला नाही की फोन जातो. कुणाची मुलगी कितवीला, कुणाला साखर, कुणाचं साहेबाशी वाजलंय, सगळं माहीत. नाशिकरोडला कोण चढलं, इगतपुरीला कोण डुलकी घेतं, कसारा घाटात कोण जागं होतं तेसुद्धा. अशा डब्यात 'मी त्या दिवशी मुंबईलाच होतो' हे खोटं बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पण उलटंही होतं बरं का! इतकी सवय असते की रिकाम्या जागेवरही माणूस दिसतो. 'होता ना, रोज असतो' असं दहा जण शपथेवर सांगतील, आणि तो त्या दिवशी नसेलही.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

पासधारकसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य हा आमच्या सगळ्या आयुष्याचा अनुभव. खोटा साक्षीदार उलटतपासणीत फुटतो. खरं बोलतोय असं मनापासून समजणारा फुटत नाही.

सराफकट्टा

उशिरा आलो. सराफ बाजारात तिसरी पिढी.

दागिना कसोटीवर घासला, रेघ उमटली, तेजाब लावलं, रेघ टिकली, म्हणजे सोनं चोख, असं गिऱ्हाईक धरून चालतं. पण कसोटी वरचा थर सांगते. जाड मुलामा असला तर ती मुलाम्याचाच कस दाखवणार. आता यंत्र आलं आहे, क्ष-किरणांचं, तेही वरवरचंच वाचतं. वजनाने पकडू म्हणाल तर टंगस्टन नावाचा धातू आहे, त्याची घनता सोन्याच्या जवळजवळ बरोबरीची. म्हणून जुने लोक यंत्र बघतच नाहीत. दागिना तळहातावर झेलतात, काचेवर टाकून आवाज ऐकतात, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतात. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वडील म्हणायचे, आईचा दागिना मोडायला आलेला माणूस वजनकाट्याकडे बघत नाही. जो काट्यावरून नजर हटवत नाही, त्याचा दागिना कापून बघायचा.

शिवाय हल्ली हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो. मोबाइलवर टाकला की कुठल्या सराफाने हॉलमार्क करून घेतला, कुठल्या केंद्रात तपासला ते दिसतं. तुमच्या गोष्टीतल्या चोराला हे ठाऊक नसेल तर तो मूर्ख आणि लेखकही.

झुंझारमल

'काट्याकडे बघत नाही.' काका, हे वाक्य सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासच्या तोंडी शोभलं असतं.

बाय द वे, सगळं इतकं घट्ट बसलंच पाहिजे असंही नाही हं. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर तेलाच्या कंपनीतून हाकलला गेल्यावर पंचेचाळिशीच्या उंबऱ्यावर लिहायला लागला. त्याच्या पहिल्या कादंबरीवर सिनेमा काढताना मंडळींनी विचारलं, यातल्या ड्रायव्हरला मारलं कुणी? तो म्हणाला, मला पण माहीत नाही. पुस्तक आजही खपतंय.

दुतोंड्या

झुंझारशेठ, ती मुभा चँडलरला. आम्ही असं केलं तर वाचक दिवाळी अंकाचे पैसे परत मागतील.

आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेला एक राहिलाच. ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टी लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय. १९३२ साली ब्योमकेश सुरू केला, मग सिनेमासाठी लिहायला मुंबईला आले आणि ब्योमकेश पंधराएक वर्षं बंद. पुढे १९५२ मध्ये पुण्यात राहायला गेले. नंतरचा बराच ब्योमकेश पुण्यात बसून लिहिलाय, आणि बऱ्याचशा गोष्टी मात्र कलकत्त्याच्या. म्हणजे गाव सोडल्यावर ते जास्त नीट दिसतं की काय? मी इथेच जन्मलो, इथेच राहतो, आणि मला नाशिक लिहिताना हात अडखळतो. रोजच्या रस्त्यावरचं काय सांगावं आणि काय गृहीत धरावं तेच कळत नाही.

माझ्या कथेतला एक धागा सांगतो, मत द्या. पुराच्या दिवशी एक जण म्हणतो, "मी दुपारी दोनला गोदाघाटावरून चालत पंचवटीत गेलो." त्याला बाहेरगावचा तपास अधिकारी काही बोलत नाही. पण घाटावरचा फुलवाला म्हणतो, दोनला तर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी होतं, हा गेला कुठून? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर कागदावर कळतंच, पण नाशिककर नदीपात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतो. याला मी बागाईतदारांची पेस्ट जोडणार आहे. मजूर, दारू, लाल चेहरा आणि पूर. कसं वाटतंय?

ठाणे_अंमलदार_निवृत्त

फुलवाल्याचं छान. पण पुरात घाटावर दुकान कसं उघडं? त्याला वरच्या अंगाला, सरकारवाड्याच्या बाजूला उभा करा. पूर बघायला तिथे सगळं गाव जमतंच. दुसरं, कमरेला पाणी दोनला होतं याला फोटो शोधा. हल्ली शंभर जणांच्या मोबाइलमध्ये सापडतो, वेळेसकट.

तन्वी_कॉलेजरोड

आणि स्टेटसवर मारुतीचा फोटो न टाकलेला नाशिककर हाच पहिला संशयित धरावा.

पिंपळगावचा_बागाईतदार

भाऊ, गोष्ट चांगली आहे, पण एक घोळ होतोय. पूर येणार ऑगस्टात. आमच्याकडं पेस्ट लागणार गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरात. तवर मारुतीचे पाय कोरडे. अंक आमच्या गावात वाचला गेला तर पहिल्याच पानावर हसतील.

ऑगस्टातच पाहिजे असंल तर बाग बागलाणात घ्या. सटाण्याकडं अर्ली छाटणी चालते, पावसाळ्यातच पेस्ट लावतात. फक्त मग तो माणूस सटाण्याहून नाशिकला त्या दिवशी आला कशाला, ते तुमचं तुम्ही बघा.

पंचवटीचा_पासधारक

सटाण्याला रेल्वे नाही. एसटीनं आला असणार. तिकीट खिशात भिजलेलं सापडू द्या, वेळ वाचता येते.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

आणि ते तिकीट मुद्देमालात जमा करायला विसरू नका.